ते फायनान्स बघेल ना!

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा म्हटलंय ते मोजलं नाही, कारण मोजणं हे आपलं खातंच नाही अशी माझी पक्की समजूत होती. मी ऑपरेशन्सचा माणूस. हाउसकीपिंग आणि मेंटेनन्सची कामं घेणारी कंपनी, ऑफिस मरोळला, साइट्स मुंबईभर. मुलं वेळेवर येतात का, पंप बंद पडला तर रात्री दोन वाजता कोण जाईल, केमिकल कुठलं वापरलं की मार्बल पिवळा पडत नाही, हे मला विचारा. आकड्यांचा विषय निघाला की मी चहा मागवायचो.

तर २०२३ ची गोष्ट. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये मीटिंग होती. मोठी कंपनी, महिन्याला २० लाखांचं काम, वर जीएसटी वेगळा. त्यांचे पर्चेसचे साहेब म्हणाले, पेमेंट नव्वद दिवसांनी, आमची पॉलिसी आहे. मी म्हटलं, हो सर, काही प्रॉब्लेम नाही. आणि मला खरंच काही प्रॉब्लेम दिसत नव्हता, मी मनातल्या मनात ७५ मुलं कुठून आणायची आणि सुपरवायझर कोणाला टाकायचा हेच जुळवत होतो. ऑफिसात पेढे वाटले. सेल्सच्या मुलाला इन्सेंटिव्ह मिळाला.

आठवड्याने अकाउंट्सच्या मॅडमनी बोलावलं. "सर, हे नव्वद दिवस तुम्ही कबूल केलेत?" म्हटलं, हो, का? त्यांनी एक जुनं चलन उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला तारखा लिहायला घेतल्या. काम १ एप्रिलपासून. एप्रिलचं बिल जाणार ५ मेला, त्याचे पैसे सगळं सुरळीत गेलं तर ३ ऑगस्टला. पगार मात्र ७ मे, ७ जून, ७ जुलै, कारण सात तारखेच्या आत पगार द्यायचा असतो आणि क्लायंटने दिले नाहीत म्हणून कंत्राटदाराला मुलांना थांबवता येत नाही. पगार, पीएफ, ईएसआयसी, युनिफॉर्म, केमिकल सगळं धरून महिन्याला १८ लाख. तीन महिन्यांचे झाले ५४. मग जीएसटी, १८ टक्क्यांनी महिन्याला ३ लाख ६० हजार, तो बिल टाकलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, क्लायंटचे पैसे आलेत की नाही हे सरकार विचारत नाही. आणि आमचा खर्च बहुतेक सगळा पगाराचा, त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, कुठली मिळणार. दोन बिलांचा जीएसटी ७ लाख २० हजार. एकूण ६१ लाख २० हजार रुपये खिशातून गेले तेव्हा कुठे पहिला रुपया येणार, त्यातूनही ते दोन टक्के टीडीएस कापून देणार.

"आणि नव्वद दिवस कधीपासून ते वाचलंत का?" मी वाचलं नव्हतं. बिलाच्या तारखेपासून नव्हते, त्यांच्या सिस्टीममध्ये बिल मंजूर झाल्यापासून होते. म्हणजे धरून चाला १२० दिवस. मॅडमनी आणखी एक पगार आणि आणखी एक जीएसटी खाली लिहिला आणि रेघ मारली. ८२ लाख ८० हजार. त्याच्या शेजारी त्यांनी आमचा चार महिन्यांचा नफा लिहिला, ८ लाख. हा नफा पी अँड एलमध्ये, म्हणजे नफा-तोट्याच्या हिशोबात, व्यवस्थित दिसणार होता, डिरेक्टरना रिपोर्ट जाणार होता, त्यात माझी साइट हिरव्या रंगात असणार होती.

मी म्हटलं, पण पैसे शेवटी येतीलच ना? त्या म्हणाल्या, "येतील हो. तोपर्यंत पगार कशाने करू?"

बँकेची ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, होती, १२ टक्क्यांची. ८३ लाख अडकले की महिन्याला ८३ हजार व्याज, आणि साइटवर महिन्याला सुटणार होते दोन लाख, त्यातून हेड ऑफिसचा खर्च जायचाच होता. पण नुसतं व्याजाने भागलं असतं तरी चाललं असतं. ओडीला लिमिट असते. ऑगस्टमध्ये ती संपली आणि ७ तारखेचा पगार १३ तारखेला झाला, तोही माझ्या त्या साइटचा नाही, दुसऱ्याच दोन साइट्सचा, जिथले क्लायंट बिचारे वेळेवर पैसे देत होते. तिथल्या सुपरवायझरचा फोन आला, साहेब पोरांचे पास संपलेत, नालासोपाऱ्याहून रोज तिकीट काढून येतायत, निदान पासापुरते तरी द्या. त्या महिन्यात कंपनी प्रॉफिटमध्ये होती.

हे सगळं सांगायचं कारण, आपल्याकडे नॉन-फायनान्स मॅनेजरला पैशाचं किती कळायला हवं यावर बोलणं निघालं की दोनच प्रकारची उत्तरं येतात. एक म्हणजे ज्याचं काम त्याने करावं, फायनान्स डिपार्टमेंट कशाला ठेवलंय. दुसरं म्हणजे सगळ्यांना ट्रेनिंग द्या. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलं बघू. ज्याचं त्याने करावं हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण फायनान्सला गोष्ट कळते कधी? सही झाल्यावर. नव्वद दिवस मी कबूल केले, मॅडमनी नाही. दिवाळीला दहा टक्के डिस्काउंट मार्केटिंगवाला सोडतो, सीए नाही. हा डिस्काउंटचा हिशोब तर दादरच्या कुठल्याही कपड्याच्या दुकानदाराला विचारा. १०० रुपयांच्या विक्रीत २५ सुटत असतील आणि तुम्ही १० सोडलेत तर उरले १५, आता आधीइतकाच नफा हवा तर ६७ टक्के जास्त माल विकायला लागतो. ६७! हे माहीत असलेला माणूस डिस्काउंट देणार नाही असं मी म्हणत नाही, देईलही, पण देताना त्याचा हात जरा थांबेल. पैशाचे निर्णय सगळे बाहेर होतात, साइटवर, स्टोअरमध्ये, क्लायंटच्या केबिनमध्ये, आणि फायनान्सवाले नंतर त्याची नोंद करतात. नोंद करणाऱ्याला जबाबदार धरून काय होणार.

आणि फायनान्सवाले असले म्हणजे सगळं नीट असतं असंही कुठे आहे. आपल्या बीकेसीतली आयएल अँड एफएस, मोठमोठ्या बांधकामांना पैसा पुरवणारी कंपनी, २०१८ मध्ये बसली, ९० हजार कोटींच्या वर कर्ज, आत एकाहून एक फायनान्सचे लोक. रस्ते, बोगदे असली वर्षानुवर्षांनी पैसे देणारी कामं आणि त्यासाठी घेतलेलं बरंचसं कर्ज थोड्या मुदतीचं. आमच्या साइटचंच मोठं भावंड म्हणायचं. येणार कधी आणि द्यायचे कधी, या दोन तारखा जुळल्या नाहीत.

आता ट्रेनिंग. ते मी केलंय. कंपनीने पाठवलं होतं, अंधेरी ईस्टच्या हॉटेलात दोन दिवस, नाव होतं फायनान्स फॉर नॉन-फायनान्स, जेवण उत्तम. पहिल्या दिवशी डेबिट क्रेडिट, दुसऱ्या दिवशी रेशो. करंट रेशो दोनास एक असावा. का असावा? असावा. ईबिटडाची स्लाइड आली तेव्हा पनीर टिक्क्याचा वास यायला लागला होता. सत्यनारायणाला आपण जसे बसतो ना, गुरुजी काय म्हणतायत ते कळत नाही पण अक्षता वाहा म्हणाले की वाहतो, नमस्कार करा म्हणाले की करतो, तसं आम्ही तीसजण दोन दिवस बसलो आणि प्रसाद म्हणून सर्टिफिकेट घेऊन आलो. मॅडमच्या चलनामागच्या त्या वीस मिनिटांत मी जे शिकलो त्यातलं एक अक्षर त्या दोन दिवसांत नव्हतं, कारण तिथे आकडे कुठल्यातरी एक्सवायझेड लिमिटेडचे होते आणि इथे माझे होते.

म्हणजे माझं म्हणणं असं की मॅनेजरला ताळेबंद बनवता आला नाही तरी चालेल, घसारा कुठल्या पद्धतीने काढतात ते माहीत नसलं तरी काही अडत नाही. पण आपण जे कबूल करतो त्याचे पैसे कुठल्या तारखेला जातात आणि कुठल्या तारखेला येतात हे त्याला स्वतः कागदावर मांडता आलं पाहिजे, आणि ते येत नसेल तर त्याच्या हातात सहीचा अधिकार देऊ नये. हे कडक वाटेल. पण फोर्कलिफ्ट चालवायला देताना आपण ट्रेनिंग झालंय का बघतो ना, मग वीस लाखांच्या करारावर सही करताना का बघत नाही?

मराठीत वर्किंग कॅपिटलला खेळतं भांडवल म्हणतात, काय झकास शब्द आहे. पैसा खेळता हवा. आमचा लोअर परळला जाऊन बसला होता. आणि हे ज्ञान काही परदेशातून यायचं नाहीये, 'आज रोख उद्या उधार' ही पाटी गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात मी लहानपणापासून वाचतोय. उधारीचं पोतं सव्वा हात रितं हे आजी म्हणायची तेव्हा मला वाटायचं पोत्याबद्दल बोलतेय.

आता उलट्या बाजूने बघा, म्हणजे आपण देणारे असतो तेव्हा. एका ओळखीच्या अ‍ॅडमिन मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये साकीनाक्याच्या एका गाळेवाल्या सुताराचं ४ लाखांचं बिल डिसेंबरपासून पडून होतं. जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम, झालेलं, फर्निचर वापरात, एका ड्रॉवरचं चॅनल अडकतं एवढीच तक्रार. त्याला वाटत होतं आपण कंपनीचे पैसे वाचवतोय. आता गंमत ऐका. सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंद असलेल्या उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, हा नियम २००६ च्या एमएसएमई कायद्यातला, म्हणजे जुनाच. पण २०२३ च्या बजेटने इन्कम टॅक्समध्ये त्याला दात बसवले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. मुदत टळली आणि ३१ मार्चलाही बिल तसंच असेल तर तो खर्च त्या वर्षात धरतच नाहीत, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरणार. म्हणजे ४ लाख नफ्यात मिळवले गेले आणि २५ टक्क्यांच्या आसपास टॅक्स पकडला तर लाखभर रुपये आत्ता भरायचे. वर गाळेवाला भांडायला उभा राहिला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. चार लाख वाचवले म्हणत होता, लाखाचा टॅक्स आधीच भरायला लावला आणि एका सुताराच्या घरात चार महिने ओढाताण केली, तीही त्याला कळली नाही.

मार्चमध्ये बजेट लॅप्स होईल म्हणून पंचवीस खुर्च्या मागवणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, तो वेगळाच लेख होईल.

हे फक्त ऑफिसपुरतं असतं तर मी एवढा वेळ घेतला नसता. मुंबईत हाच मॅनेजर रविवारी सोसायटीच्या कमिटीवर असतो. मला भांडुपला आमच्या बिल्डिंगमध्ये खजिनदार केलं ते "तुम्ही मॅनेजर आहात ना" या एका पात्रतेवर. २८ फ्लॅट्स. त्या वर्षीच्या हिशोबात शिल्लक दिसत होती २ लाख ४० हजार, आणि सर्वसाधारण सभेत वडे यायच्या आधीच मागणी आली की मेंटेनन्स महिन्याला तीनशेने कमी करा, सोसायटी काय धंदा करायला बसलीय का. सभेत बँकेतले दोघं होते, आयटीतले चार-पाच, एक हॉस्पिटल सांभाळणारे. सगळ्यांनी मान डोलावली. मला ते चलन आठवलं म्हणून मी यादी उघडली. दोन फ्लॅट बंद आहेत, दोन्हींची मिळून थकबाकी ६ लाख. त्यांचं वर्षाचं मेंटेनन्स ९६ हजार हे बिल टाकलं म्हणून उत्पन्नात धरलेलं, आणि थकबाकीवर २१ टक्क्यांनी व्याज १ लाख २६ हजार, तेही उत्पन्नात. झाले २ लाख २२ हजार. म्हणजे शिल्लक म्हणून ज्याच्यावर सगळे खूश होते त्यातले खरे आलेले पैसे १८ हजार. आणि जितके ते दोघं पैसे देणार नाहीत तितकं व्याज वाढणार आणि तितकी आमची शिल्लक फुगणार!

हे मी सभेत सांगितलं. "तुम्ही फार निगेटिव्ह बोलता हो," असं उत्तर आलं आणि ठराव बहुमताने पास झाला. तीनशे गुणिले अठ्ठावीस गुणिले बारा, वर्षाला लाखभर रुपये खरे कमी झाले, खोट्या शिल्लकीच्या भरवशावर. पुढच्या पावसाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग आलं तेव्हा वर्गणी काढली आणि सगळ्यात मोठ्याने ओरडले ते तेच.

इथे एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, आकडे वाचता आले म्हणजे वाचलात असं नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले तेव्हा मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांचे पैसे तिथे अडकले, सुरुवातीला तर खात्यामागे हजार रुपये काढायची मुभा होती. त्या बँकेचे छापील आकडे तुम्ही कितीही बारकाईने वाचले असते तरी एकाच बिल्डरच्या ग्रुपला दिलेली कर्जं त्यात दिसलीच नसती, लपवलेलीच होती. पण ठेवींवरचा विमा तेव्हा लाखाचा होता (पाच लाख तो २०२० मध्ये झाला) हे छापील आणि उघड होतं, आणि तरी सोसायट्यांनी सगळा राखीव निधी एकाच बँकेत ठेवला होता, का, तर अर्धा टक्का जास्त मिळतो आणि शाखा गेटसमोर आहे. तिथे सीए लागत नव्हता, पैसे अडकले तर काय, एवढा एक प्रश्न लागत होता.

आता कंपन्यांकडे येतो, कारण सगळा दोष मॅनेजरच्या डोक्यावर टाकणं मला मंजूर नाही. मी अकरा वर्षं साइट्स चालवल्या आणि त्यात एकाही साइटचा पी अँड एल मला कोणी दाखवला नव्हता. टार्गेट दाखवायचे. बिलिंग किती, माणसं किती, बस. मागितला तर सांगायचे कॉन्फिडेन्शियल आहे. लोकांचे पगार त्यात दिसतात म्हणे. अहो पगार मीच ठरवतो मुलांचे! खरं कारण वेगळं असतं, आकडे हातात असले की केबिनला वजन येतं, ते सोडवत नाही कोणाला. आणि मॅनेजरलाही ते सोयीचंच असतं हे मी स्वतःवरून सांगतो, काही बिघडलं तर "मला कुठे दाखवतात" म्हणायला बरं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि दोघंही अप्रेझलमध्ये खूश.

म्हणून ट्रेनिंगच्या हॉटेलचे पैसे वाचवून दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. प्रत्येक साइटचा महिन्याचा हिशोब त्या साइटच्या मॅनेजरसमोर ठेवायचा, त्यात अडकलेल्या पैशाचं व्याजसुद्धा त्याच्या खात्यावर टाकायचं, म्हणजे हिरवा रंग कधी खरा आणि कधी खोटा ते त्याचं त्याला दिसेल. आणि सेल्सचा इन्सेंटिव्ह बिल टाकल्यावर नाही, पैसे आल्यावर द्यायचा. या दुसऱ्याला फार विरोध होतो. क्लायंटने उशीर केला तर पोराचा काय दोष, असं म्हणतात. दोष नाही, पण किती दिवसांची उधारी द्यायची हे तोच तर बोलून येतो, आणि नालासोपाऱ्याच्या मुलांचा त्यात काय दोष होता? आमच्याकडे हे अर्धं झालं. म्हणजे अर्धा इन्सेंटिव्ह बिलावर, अर्धा पैसे आल्यावर. तेवढ्यानेही फरक पडला, सेल्सची मुलं आता क्लायंटच्या अकाउंट्समधल्या माणसांची नावं ओळखायला लागली, आधी त्यांना फक्त पर्चेसचे साहेब माहीत असायचे.

पुढच्या वर्षी त्याच लोअर परळच्या टॉवरमध्ये रिन्यूअलची मीटिंग झाली. तेच साहेब, तेच नव्वद दिवस. मी म्हटलं, सर, आमची उद्यम नोंदणी आहे, लघु उद्योगात बसतो आम्ही, ४५ दिवसांच्या पुढे तुम्हाला जाता येत नाही, आणि मार्चअखेर आमची बिलं मुदत टळून पडलेली असतील तर तो खर्च तुम्हाला त्या वर्षी मिळणार नाही. खरं तर हा ४५ दिवसांचा कायदा पहिल्या वेळीही होताच, पण नुसता कायदा दाखवून मोठ्या क्लायंटशी भांडलं की पुढच्या वेळी बोलावणं येत नाही, या वेळी त्यांच्याच टॅक्सचा प्रश्न होता म्हणून बोलता आलं. साहेब जरा गोंधळले. म्हणाले, "ते आमचं फायनान्स बघेल ना."

मला हसू आलं, पण दाबलं. त्यांनी फोन लावला, पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोलत होतं, आणि फोन ठेवून ते म्हणाले, ठीक आहे, ४५, पण रेट एक टक्का कमी करा. एक टक्का म्हणजे महिन्याला वीस हजार. या वेळी मी हो म्हटलं नाही, बाहेर लॉबीत येऊन मॅडमना फोन केला. त्यांनी दोन मिनिटं काहीतरी बडबडत हिशोब केला. पैसे एक महिना उशिरा आले की एकवीस-बावीस हजार व्याज महिन्याला वाढतं, आणि इथे दोन महिन्यांहून जास्त वाचत होते. "घ्या सर," त्या म्हणाल्या, "पण बिल पाच तारखेला नको, एक तारखेला टाका, म्हणजे वीस तारखेचा जीएसटी भरायच्या आत पैसे हातात येतील. आणि एकतीसला घाई करून टाकू नका हं, महिनाभर आधी भरावा लागेल."